आकाशाची रोजकीर्द

दिवाळीच्या वहीपूजनाला आमच्या घरी नवी रोजकीर्द उघडली जाई. वडिलांचे तालुक्याच्या गावी धान्याचे दुकान होते. पहिल्या पानावर कुंकवाचे स्वस्तिक, त्याखाली 'श्री', आणि मग जुन्या वहीतून पुढे ओढलेली शिल्लक. वडिलांची एक सवय मात्र बाजारपेठेत दुसऱ्या कोणाला नव्हती. दिवसाचा जमाखर्च मिळवून झाला की ते त्याच पानाच्या तळाशी एक ओळ हवापाण्याची लिहीत. 'दुपारी पाऊस, ओढ्यास पाणी.' 'वारा पश्चिमेचा, ऊन कडक.' एकदा मी विचारले, "भाऊ, याचा हिशेबाशी काय संबंध?" ते म्हणाले, "आज नाही. पण वीस वर्षांनी कोणी विचारले, तर सांगता आले पाहिजे."

वडील गेल्यानंतर दुकान विकले. मी तेव्हा नोकरीनिमित्त दूर होतो. चाळीसएक वर्षांच्या त्या वह्या रद्दीत गेल्या. कोणी दुसऱ्याने नव्हे, आम्ही भावंडांनीच त्या घालवल्या. पुढे बँकेत चौतीस वर्षे आकड्यांच्या संगतीत काढली, सेवानिवृत्त झालो, आणि आता सवडीने विज्ञानविषयक वाचन करताना एक विषय असा हाती आला की त्या वह्यांची आठवण पुन्हा टोचू लागली. पृथ्वीभोवतालच्या अवकाशातील हवामानाची दीर्घकालीन नोंद कशी उभी राहते, हा तो विषय. वाचक बंधु-भगिनींना तो दूरचा वाटेल. पण त्याचा एक फार मोलाचा अध्याय आपल्या मुंबईत आणि अलिबागेत लिहिला गेला आहे.

अवकाशातही हवामान असते

सूर्याकडून आपल्याला प्रकाश आणि उष्णता मिळते, हे शाळेत शिकलो. परंतु सूर्य याखेरीज विद्युतभारित कणांचा एक अखंड प्रवाह सर्व दिशांना सोडत असतो. त्यास 'सौरवारा' म्हणतात. त्याचा वेग साधारणपणे सेकंदाला ४०० किलोमीटर असतो. आपली पृथ्वी हा एक प्रचंड चुंबक असल्यामुळे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राचे कवच आहे, आणि हा वारा बहुतांशी त्या कवचाला वळसा घालून पुढे निघून जातो.

कधी कधी मात्र सूर्याच्या प्रभामंडलातून द्रव्याचा आणि चुंबकीय क्षेत्राचा एक अवाढव्य लोट सुटतो. त्याचा रोख पृथ्वीकडे असला आणि त्यातील चुंबकीय दिशा पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असली, तर कवच ढवळून निघते. पृथ्वीभोवती विद्युतप्रवाहाचे एक कडे बळावते आणि जमिनीवरील चुंबकसूची थरथरू लागते. यालाच भूचुंबकीय वादळ म्हणतात. ध्रुवप्रदेशात दिसणारा रंगीत प्रकाश हे त्याचे दर्शनी रूप होय.

पूर्वी या वादळाचे कौतुक करून माणसे झोपी जात. आज तसे नाही. १३ मार्च १९८९ रोजी अशा वादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांताचे वीजजाळे कोसळले आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. फेब्रुवारी २०२२ मध्ये एका सौम्य वादळाने वातावरणाचा वरचा थर तापून फुगला आणि नुकत्याच सोडलेल्या ४९ स्टारलिंक उपग्रहांपैकी बहुतेक सारे खाली ओढले जाऊन नष्ट झाले. मे २०२४ मध्ये वीस वर्षांतील सर्वांत मोठे वादळ आले, तेव्हा लडाखमधील हानले येथून आकाशात तांबूस आभा टिपली गेली. आणि अमेरिकेत ऐन पेरणीच्या दिवसांत उपग्रहांच्या आधारे चालणारे ट्रॅक्टर शेतात उभे राहिले. सूर्यावरील उलाढालीचा खर्च असा शेतकऱ्याच्या नावे पडतो.

रोजकीर्द आणि ताळेबंद

आज पाऊस पडेल का, हा हवेचा प्रश्न. या तालुक्यात तीस वर्षांत दुष्काळ किती वेळा पडला, हा जलवायुमानाचा प्रश्न. पहिल्याला आजची नोंद पुरते. दुसऱ्याला अखंड, एकाच मापाने मोजलेली, पिढ्यान्‌पिढ्यांची नोंद लागते. आमच्या भाषेत सांगायचे तर पहिली रोजकीर्द आणि दुसरा ताळेबंद. आणि रोजकीर्दीत खाडे असतील तर ताळेबंद कितीही सुबक दिसला तरी तो विश्वासार्ह नसतो.

अवकाशाच्या बाबतीत ही अडचण अधिक बिकट आहे. सूर्याची चढउतार साधारण अकरा वर्षांच्या आवर्तनाने होते. कृत्रिम उपग्रहांचे युग सुरू झाले ते १९५७ मध्ये. म्हणजे माणसाने अवकाशात जाऊन प्रत्यक्ष मोजमाप केलेली आवर्तने उण्यापुऱ्या सहा-सात एवढीच. त्यातही प्रत्येक आवर्तन वेगळ्या स्वभावाचे.

एका ग्रामीण शाखेत असताना मी तीन चांगल्या पावसाळ्यांचे आकडे पाहून विहिरींसाठी आणि पाइपलाइनींसाठी कर्जे मंजूर केली होती. चौथ्या वर्षी पाऊस फिरकला नाही. कागद सारे बिनचूक होते, सह्या जागच्या जागी होत्या. चूक एवढीच की तीन वर्षांना मी 'नेहमीचे' मानले होते. उपग्रह बांधणाऱ्या अभियंत्यासमोर हाच प्रश्न असतो. पंधरा वर्षे आयुष्य अपेक्षित असलेल्या उपग्रहाला किती किरणोत्सर्ग सोसावा लागेल? वीजजाळ्याच्या रोहित्राला किती मोठ्या वादळाचा धक्का गृहीत धरावा? शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या संकटाचा अंदाज साठ वर्षांच्या वहीतून बांधता येत नाही. म्हणून शास्त्रज्ञांना मागे जावे लागते. उपग्रह नव्हते त्या काळातील वह्या उघडाव्या लागतात. आणि अशा वह्यांपैकी एक कुलाब्याला होती.

कुलाब्याची ती सकाळ

मुंबईच्या कुलाबा बेटावर १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली, ती मुख्यतः जहाजांना अचूक वेळ कळवण्यासाठी. १८४१ पासून तेथे चुंबकीय निरीक्षणे सुरू झाली. डब्लिनच्या थॉमस ग्रब यांच्या कारखान्यातून आलेले चुंबकमापक तेथे बसवले होते. बारीक तंतूला टांगलेला चुंबक किती वळला, हे निरीक्षकाने ठरल्या वेळी दुर्बिणीतून डोळ्यांनी वाचायचे आणि वहीत लिहायचे. दिवस असो, रात्र असो, मुंबईचा मुसळधार पाऊस असो. खळबळ जाणवू लागली की दोन वाचनांमधील अंतर कमी करायचे, असा शिरस्ता होता.

१ सप्टेंबर १८५९ रोजी सकाळी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन हे सूर्यावरील डागांचे चित्र काढत होते. एका मोठ्या डागसमूहावर त्यांना अचानक दोन तेजस्वी ठिपके दिसले आणि काही मिनिटांत ते मावळले. त्यानंतर साधारण साडेसतरा तासांनी पृथ्वीवर जे वादळ कोसळले, ते आजही 'कॅरिंग्टन घटना' म्हणून ओळखले जाते. क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातून ध्रुवीय प्रकाश दिसला. बॉस्टन आणि पोर्टलंड येथील तारमास्तरांनी आपल्या विद्युतघटमाला सोडवून ठेवल्या आणि केवळ वादळाने तारेत निर्माण झालेल्या प्रवाहावर एकमेकांशी संदेशांची देवाणघेवाण केली.

मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या निरीक्षकाने दुर्बिणीतून पाहिले तेव्हा चुंबकाचे वाचन घसरू लागले होते. मुंबईजवळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा घटक साधारणपणे ३७ ते ३८ हजार नॅनोटेस्ला असतो. नॅनोटेस्ला हे चुंबकीय तीव्रतेचे अतिसूक्ष्म माप. दुपार होण्याच्या सुमारास त्यात तब्बल १,६०० नॅनोटेस्लांची घट नोंदली गेली, आणि मग आकडा पुन्हा वर येऊ लागला.

या नोंदीचे महत्त्व कशात आहे? युरोपातील काही प्रगत वेधशाळांत तेव्हा छायाचित्रणाच्या कागदावर प्रकाशरेषा आपोआप उमटवणारी यंत्रे होती. वादळ एवढे प्रचंड होते की ती प्रकाशरेषा कागदाच्या बाहेर निघून गेली. नेमका कळसाचा क्षण त्यांच्या वहीत कोरा राहिला. कुलाब्याला मात्र साधा माणूस डोळ्यांनी वाचत होता आणि शाईने लिहीत होता. विषुववृत्ताच्या जवळच्या प्रदेशातील त्या वादळाचा सलग दस्तऐवज जगाला मिळाला तो त्यामुळे.

मूस साहेबांची शिस्त

वही लिहिणे हे निम्मे काम. ती जपणे, तपासणे आणि पुढच्या पिढीच्या हाती वाचता येईल अशा रूपात देणे, हे उरलेले निम्मे. ते काम ज्यांनी केले त्यांचे नाव नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. योगायोग असा की त्यांचा जन्म १८५९ चाच, त्या वादळानंतर जेमतेम दोन महिन्यांनी, मुंबईतच झाला. पुणे आणि एडिंबरा येथे शिक्षण घेऊन ते परतले आणि १८९६ मध्ये कुलाबा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

त्यांच्या कारकिर्दीत एक पेच उभा राहिला. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या होत्या. ट्रामच्या रुळांतून आणि जमिनीतून वाहणारा विद्युतप्रवाह चुंबकमापकांना बिघडवणार, हे उघड होते. शहराची प्रगती तर थांबवता येत नव्हती. मूस यांनी मुंबईपासून सुमारे ३० किलोमीटरवर, खाडीपलीकडे अलिबागेत समुद्रकाठी जागा निवडली. तेथील इमारतीसाठी चुंबकीय गुण नसलेला पोरबंदरी दगड वापरला आणि लोखंड कटाक्षाने टाळले.

त्यांची खरी दूरदृष्टी मात्र पुढच्या पावलात दिसते. अलिबागला १९०४ मध्ये निरीक्षणे सुरू झाली. तरी कुलाबा लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत, म्हणजे सुमारे दोन वर्षे, दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. कारण जागा बदलली की आकडा बदलतो. हा बदल जागेमुळे किती आणि पृथ्वीमुळे किती, हे वेगळे काढायचे तर दोन्ही वह्या काही काळ शेजारी-शेजारी चालल्या पाहिजेत. ट्राम १९०७ मध्ये धावली, तोवर जुने खाते नव्या खात्याशी मिळवून झाले होते.

बँकांत संगणक आले तेव्हा हीच पद्धत आम्ही अवलंबली होती. काही महिने संगणकावर आणि खतावणीत दुहेरी नोंद करायची, रोज संध्याकाळी दोन्ही मिळवायच्या. कर्मचारी वैतागत, रात्रीचे नऊ वाजत. परंतु मी पुढे अशी एक शाखा पाहिली जिथे हा काळ घाईने आटोपला होता. तेथे एका वृद्ध विधवा खातेदार भगिनीच्या जुन्या मुदतठेवीचा धागा नव्या यंत्रणेत तुटला. ठेव होती, पावती होती. परंतु मधली नोंद नव्हती. ती माउली सात महिने हेलपाटे घालत होती. अखेर पैसे मिळाले, पण तिचे ते सात महिने कोणत्याही व्याजाने भरून निघणारे नव्हते. मूस यांच्या त्या दोन वर्षांविषयी वाचले तेव्हा मला प्रथम तीच आठवली.

मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांची कुलाब्याची चुंबकीय निरीक्षणे संकलित करून १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यानंतर जवळजवळ शतकाने, २००३ मध्ये, अमेरिकेचे ब्रूस सुरुतानी, ब्राझीलचे वॉल्टर गोन्सालेस आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष सिंग लखिना व शोभना अ‍ॅलेक्स यांनी कुलाब्याच्या जुन्या नोंदींच्या आधारे १८५९ च्या वादळाचा शोधनिबंध लिहिला. सबंध जग आज 'सर्वांत वाईट काय घडू शकते' याचा विचार करताना मुंबईच्या त्या १,६०० च्या आकड्यापाशी थांबते.

मापे एकसारखी आहेत का?

येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. मे २०२४ च्या वादळाची तीव्रता सुमारे ४०० नॅनोटेस्ला आणि १९८९ च्या वादळाची ५८९ नॅनोटेस्ला सांगितली जाते. त्यावरून १८५९ चे वादळ चौपट होते, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आजचे आकडे जगातील चार ठिकाणच्या वेधशाळांची तासाची सरासरी काढून ठरवतात. कुलाब्याचा आकडा एका ठिकाणचा, एका क्षणाचा आहे. एका शाखेतील दुपारी बाराच्या रोकड शिल्लकेची तुलना चार शाखांच्या सरासरी शिल्लकेशी करावी, तसे हे होईल. कुलाब्याच्या नोंदींची तासाची सरासरी काढली तर आकडा ८५० ते ९०० च्या आसपास येतो. तरीही ते वादळ प्रचंडच ठरते. पण ते किती प्रचंड, हे सांगताना माप कोणते, हे आधी सांगावे लागते.

जगभरातील संशोधकांचे निम्मे श्रम अशाच मिळवणीत जातात. इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया ही पृथ्वीच्या गोलावर जवळपास समोरासमोरची टोके. तेथील वेधशाळांच्या नोंदींवरून १८६८ पासूनचा एक निर्देशांक तयार केलेला आहे; एवढ्या लांब पल्ल्याचे दुसरे मोजमाप क्वचितच असेल. पण ग्रीनिचची वेधशाळा रेल्वेच्या विद्युतीकरणामुळे आधी अ‍ॅबिंजरला आणि मग १९५७ मध्ये हार्टलंडला गेली. मेलबर्नचीही दोन स्थलांतरे झाली. प्रत्येक स्थलांतराच्या वेळी आकड्यांत एक लहानशी पायरी पडण्याचा धोका.

१९९९ मध्ये माइक लॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निर्देशांकावरून असा निष्कर्ष मांडला की विसाव्या शतकात सूर्याचे चुंबकीय क्षेत्र दुपटीहून अधिक वाढले. मोठी खळबळ उडाली. सूर्य खरोखरच बदलला, की वहीत मोजमापाची पायरी होती? वर्षानुवर्षे वाद चालला. १९५७ च्या स्थलांतराच्या वेळची तफावत शोधली गेली, इतर वेधशाळांच्या वह्यांशी पडताळा घेतला गेला, आणि २०१८ मध्ये त्याच लॉकवुड यांच्या गटाने दुरुस्त केलेला, एकजिनसी निर्देशांक प्रसिद्ध केला. वाढ झाली होती, हे कायम राहिले. पण तिचा आकडा आधी वाटला होता त्याहून लहान निघाला. आपल्याच नोंदीतील चूक शोधून, ती खोडून, शेजारी सही करणे, हे मला हिशेबनिसाचे सर्वोच्च लक्षण वाटते.

सौरडागांच्या मोजणीचेही असेच झाले. दुर्बिणीचा शोध लागल्यापासून, म्हणजे १६१० पासून, लोक सूर्यावरील डाग मोजत आले आहेत. या चार शतकांत दुर्बिणी बदलल्या, डोळे बदलले, लहान डाग मोजावा की सोडावा याचे नियम बदलले. एकोणिसाव्या शतकात झुरिचच्या रुडॉल्फ वुल्फ यांनी मोजणीची पद्धत बसवली. त्यांच्या वारसाला अधिक डाग दिसू लागले, म्हणून त्याच्या आकड्यांना ०.६ ने गुणण्याची प्रथा पडली आणि ती शंभराहून अधिक वर्षे चालली. २०१५ मध्ये ब्रुसेल्स येथील केंद्राने साऱ्या खात्याची फेरतपासणी करून सुधारित मालिका प्रसिद्ध केली. आणे-पैशातील जुनी बाकी नव्या पैशात आणावी, तसेच हे काम. या कामी आपल्या कोडाईकनाल वेधशाळेचाही हातभार आहे. तेथे १९०४ पासून सूर्याची छायाचित्रे घेतली जात आहेत, आणि त्या काचेच्या पट्ट्यांचे अंकीकरण बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेने केले आहे.

निसर्गाचा लेखापरीक्षक

माणसाची वही संपते तेथे झाडांची सुरू होते. अवकाशातून येणारे तीव्र कण वातावरणात कार्बन-१४ नावाचा किरणोत्सर्गी कार्बन निर्माण करतात; झाडे तो शोषतात आणि त्या-त्या वर्षीच्या खोडातील वलयात तो साठून राहतो. २०१२ मध्ये जपानच्या फुसा मियाके यांनी जुन्या देवदाराच्या वलयांचा अभ्यास करताना इसवी सन ७७४-७७५ या काळात कार्बन-१४ मध्ये एकाएकी वाढ झालेली दाखवून दिली. पुढे जगाच्या इतर भागांतील झाडांत आणि ध्रुवीय बर्फाच्या थरांतही तिची खूण सापडली. सूर्यावरील एका अतिप्रचंड उद्रेकाची ती साक्ष मानली जाते. उपग्रहयुगात त्या तोडीचे काहीही घडलेले नाही. साठ वर्षांची वही पाहून निर्धास्त राहू नये, ते यासाठी.

नवी वही, जुनी अट

आज नोंदी उपग्रहांकडून येतात. पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे १५ लाख किलोमीटरवर एक असे स्थान आहे, जेथे उभा राहिलेला पहारेकरी सौरवारा आपल्यापर्यंत पोहोचण्याआधी तपासू शकतो. भारताचे आदित्य एल-१ यान २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी त्या स्थानाभोवतीच्या कक्षेत पोहोचले. कुलाब्याच्या त्या नोंदीची आणि या उड्डाणाची तारीख एकच असावी, हा निव्वळ योगायोग. पण मनाला सुखावणारा.

मात्र उपग्रह येतात आणि जातात. त्यांची उपकरणे किरणोत्सर्गाने हळूहळू झिजतात. आज दहा दाखवणारे यंत्र दहा वर्षांनी त्याच माऱ्याला आठ दाखवू शकते. अमेरिकेत १९६३ पासूनच्या अनेक यानांचे सौरवाऱ्याचे आकडे एका मापात बसवून एक सामाईक खाते तयार केले आहे. त्यात १९८० च्या दशकापासून १९९४ पर्यंत मोठमोठे खंड आहेत, कारण त्या काळात या कामावर पुरेशी याने नव्हती. त्या दिवसांचा सौरवारा आता कोणत्याही खर्चाने मोजता येणार नाही. म्हणून जुने यान बंद पडण्याआधी नवे जागेवर हवे आणि काही काळ दोघांनी शेजारी-शेजारी मोजले पाहिजे. मूस यांनी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्ही का चालवले, त्याचेच हे आजचे रूप.

येथेच खरा प्रश्न आहे. नवे यान आकाशात झेपावते तेव्हा टाळ्या पडतात. चालू असलेली मोजणी आणखी एक वर्ष चालू ठेवण्यासाठी टाळ्या कोण वाजवणार? अंदाजपत्रकात कात्री लावायची वेळ आली की पहिली नजर अशाच निमूट चालणाऱ्या कामावर जाते. 'यंदा काही विशेष घडले नाही, मग यंत्र कशाला?' असा प्रश्न विचारणारा माणूस हिशेबी वाटतो. प्रत्यक्षात तो पुढच्या पिढीची मुदतठेव मोडत असतो. 'विशेष काही नाही' ही नोंददेखील नोंदच असते. शांत वर्षे लिहून ठेवली नाहीत, तर वादळ किती मोठे होते हे कशाशी ताडून पाहणार?

अलिबागेत

माझ्या सेवाकाळातील अडीच वर्षे अलिबागेत गेली. संध्याकाळी समुद्रावर फिरायला जाताना वेधशाळेच्या कुंपणावरून जात असे. 'काहीतरी सरकारी कार्यालय असावे' एवढाच विचार कधी मनात येई. आत शतकभराची अखंड नोंद चालू आहे आणि तिचे मूळ १८४१ पर्यंत जाते, हे मला ठाऊक नव्हते. गेल्या हिवाळ्यात नातवाला घेऊन मुद्दाम गेलो. आत जाण्याचे काही कारण नव्हते. बाहेरच उभे राहिलो. त्याला १८५९ ची गोष्ट सांगितली. सगळे ऐकून तो म्हणाला, "आजोबा, त्या लिहिणाऱ्या माणसाला माहीत होते का, की हे एवढे महत्त्वाचे आहे?"

मी म्हणालो, "नसावे. त्याला एवढेच माहीत होते की वेळ झाली आहे आणि वाचन घ्यायचे आहे."

घरी परतल्यावर मी गावाकडील धाकट्या बंधूंना फोन केला. माळ्यावर, जुन्या ट्रंकेत, कोठे एखादी वही राहिली असेल का, म्हणून विचारले. आठ दिवसांनी त्यांनी एकच वही पाठवली. कडा वाळवीने खाल्लेल्या, १९७२ ची. दुष्काळाचे वर्ष. पानामागून पान जमाखर्च रोडावत गेलेला, आणि तळाशी वडिलांच्या वळणदार अक्षरात एकच ओळ परत परत: 'पाऊस नाही.' सलग अडतीस दिवस ती ओळ आहे. एका दिवशीही त्यांनी ती गाळलेली नाही.

ती वही आता माझ्या टेबलावर आहे. वाचकांपैकी अनेकांच्या घरी, पेढीवर, माळ्यावर अशा वह्या असतील. रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी त्या एकदा उघडून पाहाव्यात, एवढीच विनंती.